विमान हुकलं, आता काय करायचं? विदर्भातल्या गावांतून निघणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या माणसाचं विमान विमानतळावर हुकत नाही, ते रस्त्यातच हुकतं. चंद्रपूर, यवतमाळ, अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, गडचिरोलीहून त्याहून जास्त. वाटेत एसटी फेल पडते, पावसाळ्यात पुलावरून पाणी जातं, कुठे ट्रक आडवा होतो. विमान गाठता येणार नाही हे ध्यानात येतं तेव्हा हातात बॅग असते आणि गाव मागे पडलेलं असतं. तालुक्याच्या गावी माझं तिकिटं काढून देण्याचं काम आहे. असे फोन येतच असतात : "भाऊ, आम्ही अजून जामलेच आहो, आता कसं करू?" (जाम म्हणजे नागपूरच्या वाटेवरची चौफुली.)

हा फोन विमान सुटायच्या आधी आला तर पुष्कळ काही वाचवता येतं. सुटल्यावर आला तर कमी वाचतं, पण तेव्हाही सगळे पैसे बुडालेले नसतात. कित्येक लोक गुपचूप घरी परततात, आठ-दहा हजारांवर पाणी सोडतात आणि कुणाला सांगतही नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी घड्याळ नीट वाचा

तिकिटावर छापलेली वेळ विमान सुटण्याची असते, तुमची पोचण्याची नाही. देशातल्या देशात जाणाऱ्या विमानाचा सामान घेण्याचा काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो आणि विमानात चढण्याचं गेट २० ते २५ मिनिटं आधी. परदेशी विमानाचा काउंटर तासभर ते सव्वा तास आधी बंद होतो. नेमकी मिनिटं तिकिटाच्या खालच्या बारीक अक्षरांत दिलेली असतात. म्हणजे साडेचारचं विमान असेल तर तुमची खरी वेळ साडेतीनची. एसटीचा कंडक्टर ओळखीचा असला तर दोन मिनिटं गाडी धरतो, इथे बंद झालेला काउंटर कुणासाठीही उघडत नाही.

यात उपयोगी पडणारी एक गोष्ट आहे. वेब चेक-इन (मोबाइलवरूनच हजेरी लावून बोर्डिंग पास घेणं) केलेलं असेल आणि सोबत फक्त हातातली बॅग असेल, तर काउंटरवर जावंच लागत नाही. मग सुरक्षा तपासणी उरकून थेट गेट गाठायचं, आणि साठ मिनिटांच्या जागी पंचवीस मिनिटांची मर्यादा लागू होते. तो अर्धा तास बुटीबोरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसासाठी फार मोठा असतो. म्हणून उशीर होतोय असं वाटताच गाडीत बसल्या बसल्या वेब चेक-इन करून टाका. तेही बहुधा तासभर आधी बंद होतं, त्यामुळे आशेवर थांबू नका. हातातली बॅग सहसा सात किलोपर्यंत चालते. सोडायला कुणी आलं असेल तर मोठी बॅग त्यांच्यासोबत परत पाठवा. कपडे मागाहून पार्सलने येतील.

तारखेचा घोळही पुष्कळांचा होतो. तिकिटावर १२ तारीख आणि वेळ ००:४० असेल, तर ते विमान ११ तारखेच्या रात्री जेवण झाल्यावर निघून गाठायचं असतं. १२ तारखेला रात्री पोचणाऱ्याचं विमान चोवीस तास आधीच गेलेलं असतं. परदेशी जाणाऱ्यांच्या तिकिटात हे जास्त दिसतं, कारण ती विमानं बरेचदा मध्यरात्रीनंतरची असतात.

रस्त्यावर असतानाच काय करायचं

पहिला हिशेब असा : आता जिथे आहात तिथून विमानतळाला किती वेळ लागेल, आणि विमान सुटायला किती वेळ आहे? गाठता येणार नाही हे स्पष्ट दिसत असेल आणि सुटायला अजून दोन-तीन तास असतील, तर लगेच तिकीट बदला. देशातल्या विमानासाठी बऱ्याच कंपन्या सुटण्याच्या साधारण दोन तास आधीपर्यंत तारीख किंवा वेळ बदलू देतात. बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक भरावा लागतो. रक्कम बोचते, पण त्या मर्यादेनंतर तुमची नोंद 'नो-शो' म्हणजे न आलेला प्रवासी अशी होते आणि मूळ भाडं बहुतेक तिकिटांत पूर्ण बुडतं. "बघू, कदाचित पोचू" म्हणत ती मर्यादा ओलांडणं सगळ्यात महाग पडतं. मनाने नाही, किलोमीटरने ठरवा.

दुसरं, कुठे उतरायचं. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर या बाजूने येणारी गाडी वर्धा रोडने शहरात शिरते, आणि विमानतळ शहराच्या आधी येतं. गणेशपेठच्या स्टँडपर्यंत जाऊन ऑटोने परत येण्यात पाऊण तास सहज जातो. कंडक्टरला आधीच सांगून वर्धा रोडवरच उतरा. एअरपोर्ट नावाचं मेट्रो स्टेशनही याच रोडवर आहे. तिथून टर्मिनल थोडं आत आहे, सामान असेल तर ऑटो करा. गडचिरोली, ब्रह्मपुरी, नागभीडची गाडी उमरेड रोडने दिघोरीकडून येते, भंडाऱ्याची पारडीकडून, अमरावतीची वाडीकडून. या तिन्ही बाजूंनी येणाऱ्यांना शहर ओलांडावं किंवा वळसा घालावा लागतो, तेव्हा त्यासाठी वेगळा तास धरा. जामठ्याला क्रिकेटचा सामना असेल त्या दिवशी वर्धा रोड तुंबतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि वाहतूक वळवलेली असते. डिसेंबरच्या अधिवेशनात रस्तेही भरलेले आणि विमानंही. पावसाळ्यात भामरागडकडच्या माणसाने तर आदल्या दिवशीच निघून नागपुरात मुक्काम करावा, पर्लकोटा नदीचा पूल कधी पाण्याखाली जाईल याचा भरवसा नसतो.

तिसरं, फोन कोणाला करायचा. इथे मला जीव तोडून सांगायचं आहे. घाबरलेला माणूस गुगलवर कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर' टाकतो आणि वर दिसेल त्या नंबरवर फोन लावतो. त्यांतले कित्येक नंबर ठगांचे असतात. "तिकीट बदलून देतो, रिफंड करतो, फक्त हे ॲप टाका, स्क्रीन दाखवा, दहा रुपये पाठवा" असं गोड बोलतात आणि खातं साफ करतात. नंबर घ्यायचा तो तुमच्या तिकिटावरून किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपमधून. पैसे परत मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि आता आमच्या धंद्यातली गोष्ट. गावाकडची कितीतरी तिकिटं ऑनलाइन सेंटरवरून निघतात आणि घाईत मोबाइल नंबर, ईमेल सेंटरवाल्याचा टाकला जातो. मग विमानाची वेळ बदलल्याचा मेसेज सेंटरवाल्याकडे, बदल करण्याचा ओटीपी सेंटरवाल्याकडे आणि रिफंडही त्याच्याच खात्यात. प्रवासी मात्र जामच्या चौफुलीवर, आणि दुकान रविवारचं बंद. म्हणून तिकीट काढतानाच सांगा : "दादा, नंबर माझाच टाका." पीएनआर, म्हणजे सहा अक्षर-आकड्यांचा तो क्रमांक, वहीत लिहून घ्या. पीएनआर आणि आडनाव एवढं असलं की कंपनीच्या वेबसाइटवर तुमचं बुकिंग उघडतं. तिकीट दुसऱ्या एखाद्या बुकिंग ॲपवरून काढलं असेल तर बदल आणि रद्द करणंही बहुधा त्याच ॲपवरून करावं लागतं.

पोचलात, पण काउंटर बंद

विमान अजून सुटलेलं नसेल तर वाद घालण्यात एक मिनिटही घालवू नका. काउंटरवरच्या मुलीच्या हातात काहीच नसतं. तिच्या वरिष्ठाला, म्हणजे ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा आणि एका वाक्यात सांगा : फक्त हातातली बॅग आहे, वेब चेक-इन झालंय, गेटला सोडता येईल का? नाही म्हणाले तर तिथेच, विमान सुटायच्या आत, पुढच्या विमानाचं विचारा.

विमान सुटून गेलं असेल तर दारावरचे सीआयएसएफचे जवान कदाचित आत सोडणार नाहीत. त्यांच्याशी हुज्जत नको. कंपन्यांच्या तिकीट खिडक्या बहुतेक ठिकाणी इमारतीच्या बाहेरच्या बाजूला असतात, तिथे जा. विचारायचं असं : याच पीएनआरवर पुढच्या विमानात किती पैसे भरून जागा मिळेल? नवं तिकीट काढलं तर ते स्वस्त पडतं का? दोन्ही रकमा ऐकून मगच ठरवा, कधी कधी दुसऱ्या कंपनीचं रात्रीचं विमान निम्म्यात मिळतं. तुम्ही खिडकीवर उभे असताना घरच्या कुणाला तरी मोबाइलवर भाडी बघायला सांगा.

परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर असेल तर त्याच्याबद्दल न विसरता विचारा. जाण्याचा टप्पा चुकला की बऱ्याच तिकिटांत पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. तुम्ही मुंबईला रेल्वेने पोचता, काम उरकता आणि परत येताना कळतं की परतीचं तिकीटच राहिलेलं नाही. म्हणून "माझं परतीचं तिकीट चालू ठेवा" असं सांगून ते मेसेजवर किंवा ईमेलवर लिहून घ्या. तोंडी "हो सर" पुरेसं नाही.

सामान दिलं, सुरक्षा तपासणी झाली आणि मग गेटवर विमान चुकलं, असंही होतं. अनेक विमानतळांवर आता पूर्वीसारखी घोषणा होत नाही, माणूस चहा पीत बसतो आणि गेट बदललेलं असतं. अशा वेळी तुमची बॅग विमानातून उतरवली जाते. ती परत मिळते, पण कंपनीच्या माणसासोबतच. स्वतः उलटं बाहेर पडायला जाऊ नका, तपासणी झालेल्या भागातून नोंद करूनच बाहेर सोडतात. गेटवरच्या कर्मचाऱ्याला सांगा, तो घेऊन जाईल.

चूक तुमची नसेल तर

तुम्ही वेळेत पोचलात, तिकीट पक्कं होतं, तरी जागा नाही म्हणून चढू दिलं नाही, तर त्याला विमान चुकणं म्हणत नाहीत. विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी यंत्रणेच्या नियमांत त्यासाठी भरपाई ठरलेली आहे. तासाभरात निघणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं तर भरपाई नाही. २४ तासांच्या आत निघणाऱ्या विमानात बसवलं तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या व इंधन आकाराच्या २०० टक्के, जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यापेक्षा उशीर झाला तर ४०० टक्के, जास्तीत जास्त २०,००० रुपये. हे आपणहून कुणी सांगेलच असं नाही, तुम्ही मागायचं.

रांग लांब होती म्हणून काउंटर बंद झाला असेल तर रांगेत असतानाच मोबाइलवर फोटो काढा, त्यात वेळ नोंदली जाते. कंपनीने विमानाची वेळ अलीकडे ओढली आणि तुमच्या नंबरवर कळवलं नसेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे मागा. अर्थात तिकिटावर तुमचा नंबर असेल तरच हे बोलता येतं.

दोन विमानं असतील तर

नागपूरहून मुंबई आणि मुंबईहून दुबई, असं जाणाऱ्या पोरांना हे खास सांगतो. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील आणि पहिलं उशिरा पोचल्यामुळे दुसरं चुकलं, तर पुढे पाठवण्याची जबाबदारी कंपनीची. शंभर-पाचशे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर दुसऱ्या कंपनीला पहिलीच्या उशिराशी काही देणंघेणं नसतं. वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर मधे पाच-सहा तास ठेवा. मुंबईत टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन एकमेकांपासून काही किलोमीटर लांब आहेत, बाहेर पडून रस्त्याने जावं लागतं. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. तिथे उतरून अंधेरीच्या जुन्या विमानतळावर विमान पकडायचं असेल तर दोन तास नुसत्या रस्त्याचे धरा.

परदेशी विमान चुकलं तर नवं तिकीट काढण्याआधी व्हिसावर प्रवेशाची शेवटची तारीख बघा आणि तिकडच्या मालकाला किंवा एजंटला लगेच कळवा. घ्यायला येणारा माणूस रात्रभर उभा राहू नये.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं, पण तिथे नागपूरसारखी दिवसभर विमानं नाहीत. तिथलं चुकलं तर पुढच्याची वाट न बघता नागपूर किंवा रेल्वे.

पुढे पोचायचं कसं

विमान गेलं तरी काम तसंच असतं. टाटा रुग्णालयातली तारीख, मुलाखत, परीक्षा. आधी तिथे फोन किंवा ईमेल करा. दवाखान्यात बहुतेक वेळा समजून घेतात, पण आधी कळवलेलं असेल तर.

मुंबईसाठी नागपूरहून विदर्भ, सेवाग्राम, दुरांतो या गाड्या संध्याकाळी-रात्री निघून दुसऱ्या दिवशी पोचवतात. दुपारचं विमान चुकलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत असू शकतो. वर्ध्याजवळ किंवा अमरावतीकडे अडकला असाल तर नागपूर गाठायची गरज नाही, विदर्भ एक्सप्रेस वर्धा, बडनेरा, अकोल्यालाही थांबते. पुण्यासाठी अजनीहून वंदे भारत आहे, ऑगस्ट २०२५ पासून. ती सकाळी निघते, सुमारे बारा तास घेते आणि आठवड्यातून एक दिवस नसते. तत्काळ आदल्या दिवशी मिळतं, वातानुकूलित डब्यांचं सकाळी दहाला आणि बाकीच्यांचं अकराला, त्यामुळे आजच्या गाडीला त्याचा उपयोग नाही. आजच्यासाठी चार्ट लागल्यावर उरलेल्या जागांचं करंट बुकिंग बघा. नाहीच जमलं तर पुण्याच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्स आहेतच.

आणि तिकीट काढतानाच एवढं तपासा की नागपूर हेच तुमचं जवळचं विमानतळ आहे का. सिरोंच्याच्या माणसाला हैदराबाद जवळ पडतं, बुलढाण्याच्या पुष्कळ गावांना छत्रपती संभाजीनगर. सवयीने नागपूर घेतलं की रस्ता वाढतो.

बुडालेल्या तिकिटातले पैसे

तिकिटाची रक्कम एक नसते. मूळ भाडं, इंधनाचा आकार, विमानतळ वापराचं शुल्क म्हणजे यूडीएफ, सुरक्षेचं शुल्क, कर, असे तिचे तुकडे असतात. तुम्ही विमानात बसलाच नाहीत तर विमानतळ वापरलं नाही आणि सुरक्षेची सेवाही घेतली नाही. डीजीसीएचा नियम स्पष्ट आहे : प्रवासी आलाच नाही तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत करावी लागतात. मूळ भाडं 'परत न मिळणारं' असलं तरीही, आणि हे पैसे परत करण्यासाठी कंपनीला वेगळं शुल्क लावता येत नाही. देशातल्या विमानासाठी सुरक्षेचं शुल्कच २०० रुपये असतं, यूडीएफ वेगळं. चार जणांचं कुटुंब असेल तर रक्कम हजारांत जाऊ शकते.

हे पैसे दर वेळी आपोआप येत नाहीत. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर पीएनआर टाकून रिफंडची मागणी नोंदवा. वेबसाइट घेत नसेल तर ईमेल करा. इंग्रजीची भीती नको. पीएनआर, प्रवाशाचं नाव, तारीख, आणि "नो-शो झालं आहे, कर व विमानतळ शुल्क परत करावे" एवढं पुरे, मराठी-हिंदीतही लिहा. तक्रार क्रमांक जपून ठेवा. क्रेडिट कार्डने भरलेले पैसे सात दिवसांत परत यायला हवेत. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचीही जबाबदारी कंपनीचीच असते, कारण एजंट तिचाच प्रतिनिधी. पण पैसे एजंटच्या खात्यातून भरलेले असतील तर परत तिथेच येतात, तेव्हा सेंटरवाल्याला पावती दाखवून मागा. मागायला लाजू नका, ते तुमचे आहेत. बुकिंगच्या वेळी लावलेलं सुविधा शुल्क मात्र परत मिळत नाही.

प्रवास विमा घेतला असेल तर त्यात विमान चुकण्याचं कलम आहे का बघा. बहुतेक विम्यांत कारणाचा कागद लागतो. एसटी फेल पडली असेल तर आगारातून तसं लेखी मागा आणि तिकीट जपून ठेवा. घरात मृत्यू किंवा अपघात झाला म्हणून जाता आलं नसेल तर दाखला जोडून कंपनीला विनंती करा, काही वेळा शुल्क माफ होतं.

कंपनी दाद देत नसेल तर

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, नाव-पत्ता तिच्या वेबसाइटवर असतो. उत्तर आलं नाही की नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा' पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार टाका. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मराठीतही बोलते.

त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असलं तरी तुमचं प्रकरण यवतमाळला किंवा गडचिरोलीला चालतं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. सोबत तिकीट, पैसे भरल्याची नोंद, केलेले ईमेल आणि रांगेतला तो फोटो जोडा.